स्पीडोमीटरकडे बघू की रस्त्याकडे?

गेल्या आषाढातली संध्याकाळ. भुरभुर पाऊस, कर्वे रोड, मी नळस्टॉपकडून पौड फाट्याकडे घरी निघालेली. डाव्या हाताला स्टॉपवर पीएमपीची बस उभी होती. तिच्या पुढून दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दप्तर डोक्यावर धरून दुभाजकाकडे पळाला. मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरलं, गाडी थोडी घसरली आणि थांबली. मुलाचा तळहात माझ्या बॉनेटवर टेकलेला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, हात काढून घेतला आणि पलीकडे गेला. बॉनेटवरच्या पाण्यात त्याची पाच बोटं उमटली होती. दोन सेकंदांत पावसानं ती पुसली.

बाजूला रिक्षा लावून उभे असलेले एक काका काचेशी आले. ‘ताई, किती स्पीडला होता?’ त्यांनी रागावून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘चाळीस असेल.’

घरी येऊन चहा ठेवला तेव्हा लक्षात आलं की ते ‘असेल’ अगदी खरं होतं. मला माहीतच नव्हतं. स्पीडोमीटरवर मी शेवटची नजर कधी टाकली होती ते आठवेना. कदाचित नळस्टॉपच्या सिग्नलला, गाडी उभी असताना. तेवीस वर्षं पुण्यात गाडी चालवते आहे, एकदाही कुणाला धक्का लागलेला नाही. तरीही एका लहान मुलाच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा वेगाबद्दल माझ्याकडे फक्त अंदाज होता.

या लेखात मला एकच गोष्ट मागायची आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत, अगदी तळच्या व्हेरियंटमध्येसुद्धा, चालकाला स्वतः लावता येणारी वेगमर्यादा असली पाहिजे. स्पीड लिमिटर म्हणतात ती. ती सोय असावी, सक्तीनं लावलेली नसावी. आणि ज्यांच्या गाडीत ती आधीपासून आहे त्यांनी ती शहरात वापरावी.

पुण्यात गाडी चालवताना डोळ्यांना किती काम असतं याचा हिशोब आपण कधी करत नाही. लक्ष्मी रोडच्या तोंडाशी गाडी वळवा. उजव्या आरशात एक मोपेड, डाव्या बाजूनं एक फटीतून घुसू पाहणारी, समोर रिक्षा जी कोणत्या क्षणी थांबेल ते सांगता येत नाही. फुटपाथवर माल मांडलेला, म्हणून माणसं रस्त्यात. एखादी दुचाकी उलट्या बाजूनं, लाइट लावून, ‘मी येतोय’ असं सांगत. खड्डा चुकवायचा, पण तो चुकवताना शेजारच्याला दाबायचं नाही. या सगळ्यातून नजर काढून खाली काट्याकडे न्यायची, आकडा वाचायचा आणि परत वर आणायची, याला सहज एक सेकंद जातो. ताशी 40 किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. म्हणजे वेग पाळायचा म्हणून खाली बघत राहणारा चालक दर वेळी 11 मीटर रस्ता न बघता कापतो. आणि खाली न बघणारा माझ्यासारखा ‘असेल’ म्हणतो. दोन्हींत धोका आहे, आणि मनाचा निग्रह वाढवून तो कमी होत नाही.

त्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे एक जुनी गाडी आली, युरोपीय बनावटीची, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिच्या स्टिअरिंगवर एक बटण आहे. ते दाबलं की समोरच्या पडद्यावर आकडा येतो, शेजारच्या बटणानं तो कमी-जास्त करायचा. मी 40 लावते. मग ॲक्सिलरेटरवर पाय नेहमीसारखाच ठेवायचा. गाडी 20 नं चालवायची असेल तर 20 नं चालते, थांबायचं तिथं थांबते. फक्त 40 आलं की पेडल आणखी दाबलं तरी वेग वाढत नाही. पहिल्या दिवशी ते चमत्कारिक वाटलं, कुणीतरी हळूच हात धरल्यासारखं. आठवड्याभरात विसरले.

आत काय होतं ते समजायला सोपं आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यात तार नसते. पेडल किती दाबलं ते एक सेन्सर मोजतो, संगणकाला कळवतो आणि इंजिनाला किती हवा, किती इंधन द्यायचं ते संगणक ठरवतो. लिमिटर लावला की मर्यादेला पोचल्यावर संगणक पेडलची जास्तीची मागणी बाजूला ठेवतो. पेडल जोरात, तळापर्यंत दाबलं तर मात्र मर्यादा सुटते आणि गाडी पूर्ण ताकदीनं निघते. ‘अडचणीत सापडलो आणि गाडी पळालीच नाही तर?’ या भीतीचं उत्तर या एका सोयीत आहे. एक उणीव सांगितली पाहिजे. साधा लिमिटर ब्रेक मारत नाही. उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी आपल्या वजनानं 40 च्या पुढे सरकते, तेव्हा तो फक्त टुक टुक वाजतो आणि आकडा लुकलुकतो. ब्रेक आपणच लावायचा.

लोक याची क्रूझ कंट्रोलशी गल्लत करतात. क्रूझ कंट्रोल वेग टिकवून धरतो, पाय मोकळा ठेवतो, आणि तो एक्स्प्रेसवेवर ठीक. कर्वे रोडवर त्याचा काय उपयोग? लिमिटरमध्ये पाय पेडलवरच असतो, चालक जागाच असतो. लिमिटर फक्त वरचं झाकण लावून देतो. दुसरी गल्लत टेम्पो-ट्रकच्या स्पीड गव्हर्नरशी होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2015 च्या दुरुस्तीनं व्यापारी वाहनांना ताशी 80 ची आणि डंपर, टँकर, स्कूल बस यांना 60 ची कायमची मर्यादा आली. पासिंगपुरता गव्हर्नर चालू ठेवायचा आणि मग त्याची वायर काढायची, हे प्रकार वाहतूक व्यवसायातल्या कुणालाही विचारा. तो लादलेला आहे म्हणून माणूस त्याच्याशी भांडतो. स्वतः लावलेल्या 40 शी मी कशाला भांडू?

आता 40 च का, 50 किंवा 60 का नको? मुलगा बॉनेटला टेकला त्या दिवसापासून मी हा हिशोब अनेकदा केला आहे. कोरडा रस्ता, चांगले टायर, आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद, असं धरा. 40 ला गाडी त्या एका सेकंदात 11 मीटर जाते, ब्रेक लागल्यावर साधारण 9 मीटरांत थांबते. एकूण 20 मीटर. 60 ला पहिल्या सेकंदातच जवळपास 17 मीटर गेलेले असतात आणि पुढे थांबायला 20 मीटर लागतात. आता दोन्ही गाड्या शेजारी शेजारी आणा. जिथे 40 ची गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथे 60 ची गाडी अजून ताशी 55 च्या वेगानं जात असते. ब्रेक लागून तीनच मीटर झालेले असतात. त्या 20 मीटरांवर मूल असेल तर एका गाडीच्या बॉनेटवर त्याचा तळहात टेकतो. दुसऱ्या गाडीचं लिहवत नाही. वेग दीडपट झाला की धडकेची ऊर्जा सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. आणि माझा त्या दिवशीचा रस्ता तर कोरडाही नव्हता.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘पुण्यात गाडी वीसनं रांगते, वेगमर्यादा कुठे घेऊन बसलात?’ ट्रॅफिक आहे हे खरंच. पण गाडी सारखी वीसनं चालत नाही. पाच मिनिटं शून्य, मग सिग्नल सुटला, समोर दोनशे-चारशे मीटर मोकळे दिसले की सगळे एकदम सुटतात. अडकून पडल्याचा राग असतो, तो त्या मोकळ्या तुकड्यावर निघतो. पुढच्या लाल दिव्यापर्यंत 60. माणसं रस्ता ओलांडतात ती याच तुकड्यात, कारण जाममध्ये त्यांना कुणी उडवत नाही. 600 मीटर मोकळा रस्ता 60 नं 36 सेकंदांत कापला जातो, 40 नं 54 सेकंदांत. वाचले 18 सेकंद. हे 18 सेकंद पुढच्या सिग्नलला उभं राहून आपण परत देतो. शेजारी तोच रिक्षावाला येऊन थांबतो ज्याला आपण मागे टाकलं होतं. असे दहा तुकडे एका प्रवासात मिळाले आणि एकही सिग्नल लागला नाही, तरी वाचतील तीन मिनिटं.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 74,897 दुचाकीवर होती आणि 32,825 पायी चालणारी. 71 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर टाकलेले आहेत. या टक्केवारीबद्दल मी थोडी साशंक असते. पंचनाम्यात ‘भरधाव वेगाने’ हे शब्द सवयीनं लिहिले जातात, रस्त्याचा दोष त्यात बुडून जातो. पण मरणारे कोण, हे आकडे तर वादातीत आहेत. मोटारीत एअरबॅगच्या मागे बसलेल्या माणसापेक्षा तिच्या बाहेर असलेली माणसं कितीतरी जास्त मरतात. आपण नवी गाडी घेताना सहा एअरबॅग आहेत का विचारतो. त्या सहाही आपल्यासाठी असतात. लिमिटर हे बाहेरच्या माणसासाठीचं उपकरण आहे, आणि म्हणूनच शोरूममध्ये त्याची मागणी कुणी करत नाही.

कायद्यानं याबाबत अर्धं पाऊल उचललेलं आहे. 1 जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगाची सूचना देणारा बझर सक्तीचा झाला. तो 80 च्या पुढे अधूनमधून वाजतो आणि 120 च्या पुढे सलग. मुंबईला जाताना त्याचा उपयोग होतो. पण टिळक रोडवर, भांडारकर रोडवर, सहकारनगरच्या गल्लीत 80 ला वाजणारी घंटा काय कामाची? ती वाजेल तेव्हा उशीर झालेला असेल. कारखान्यात बसवलेला हा आकडा महामार्गाचा आहे, आणि आपलं निम्म्याहून जास्त गाडी चालवणं शहरातलं आहे. त्यात 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनं महापालिकेच्या हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल 70 ची मुभा ठेवली आहे. स्थानिक यंत्रणा ती कमी करू शकतात, करतातही, पण कुठल्या रस्त्यावर किती हे सांगणारा फलक झाडाच्या फांदीमागे किंवा वाढदिवसाच्या फ्लेक्समागे असतो.

युरोपनं पुढचं पाऊल टाकलं. तिथे जुलै 2022 पासून नव्या मॉडेलना आणि जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ‘इंटेलिजंट स्पीड असिस्टन्स’ सक्तीचं आहे. कॅमेरा रस्त्यावरचा फलक वाचतो, नकाशाशी ताडतो आणि मर्यादा ओलांडली की चालकाला सावध करतो. चालक ते बंद करू शकतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की ते पुन्हा चालू. हेच थेट इथं आणा, असं काही जण म्हणतात. मला ते आज पटत नाही. जो फलक माणसाला दिसत नाही तो कॅमेऱ्याला कसा दिसणार? सर्व्हिस रोडची 30 ची पाटी वाचून बायपासच्या मधल्या लेनमध्ये गाडी ओरडायला लागली, तर लोक आठवड्यात ती व्यवस्था बंद करायला शिकतील आणि चांगल्या कल्पनेचं नाव कायमचं खराब होईल. हातानं लावायच्या लिमिटरला फलक लागत नाही, नकाशा लागत नाही, इंटरनेट लागत नाही. प्रभात रोडवर शाळा सुटायची वेळ आहे हे मला माहीत आहे, मी 30 लावते. ज्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे, तिच्यात यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान आधीच असतं. उरतो तो मुख्यतः सॉफ्टवेअरचा भाग.

‘माझ्या गाडीचा वेग मी ठरवणार’ असं म्हणणाऱ्यांना मी गतिरोधकाची आठवण करून देते. आपल्या शहरात कुठेही अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लोक काय मागतात? गतिरोधक. नगरसेवक देतोही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्ये 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे 25 च्या वेगानं सहज पार होईल असा असतो. आपल्याकडे रात्रीत टाकलेला उंचवटा असतो, पांढरे पट्टे नसलेला. त्यावर स्कूटरवरची बाई पडते, पाठदुखीचा म्हातारा कळवळतो, ॲम्ब्युलन्समधला रुग्ण उसळतो. म्हणजे वेगाला सक्तीनं लगाम घालणं आपण केव्हाच मान्य केलेलं आहे, फक्त तो डांबरात घातला, सगळ्यांना सरसकट, दिवसरात्र. त्यापेक्षा ज्यानं-त्यानं आपल्या गाडीत घातलेला लगाम जास्त सभ्य नाही का?

हा वाद नवाही नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात 1923 साली मोटारींमध्ये ताशी 25 मैलांच्या, म्हणजे साधारण 40 किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणारं यंत्र बसवावं, असा प्रस्ताव मतदानाला आला होता. रस्त्यांवर मरणाऱ्या मुलांमुळे लोक संतापले होते, मागणीवर 42,000 हून अधिक सह्या झाल्या होत्या. मोटारविक्रेत्यांनी ताकद लावून विरोध केला आणि प्रस्ताव पडला. तेव्हाचं यंत्र बोजड होतं, एकदा बसवलं की सगळीकडे तेवढाच वेग. शंभर वर्षांनी तेच काम अंगठ्याच्या एका दाबानं होतं आणि शहराबाहेर पडलं की दुसऱ्या दाबानं सुटतं. तेव्हाच्या विरोधातला खरा मुद्दा आज उरलेला नाही.

लिमिटरनं सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला एका आलिशान मोटारीनं दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. तसल्या रात्री गाडी हातात असलेला माणूस 40 चं बटण दाबणार नाही. तिथे पोलीस, परवाना, कोर्ट हेच लागतं. नवले पुलाचा प्रश्नही वेगळा आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणारा तो लांब उतार, त्यावर अवजड वाहनांचे ब्रेक, नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड वाहनानं ठोकलेल्या अनेक गाड्या, मग नोव्हेंबर 2025 मधले आठ मृत्यू. त्याचं उत्तर रस्त्याच्या रचनेत आहे. आणि हे शहर दुचाकींचं आहे, त्यांच्या वेगाबद्दल वेगळं बोलावं लागेल. पण या मोठ्या, बातमीत येणाऱ्या घटनांच्या आड आपण लपतो. कर्वे रोडवर मुलगा बॉनेटला टेकला तेव्हा गाडी चालवणारी बाई दारू प्यायलेली नव्हती, अल्पवयीन नव्हती, तिला घाईसुद्धा नव्हती. तिला फक्त आपला वेग माहीत नव्हता. माझ्यासारखे लाखो आहेत आणि हे बटण आमच्यासाठी आहे.

एक धोका मला स्वतःत दिसला, तोही सांगते. 40 लावलं की 40 हा हक्क वाटायला लागतो. गल्लीत, जिथे 20 सुद्धा जास्त आहे, तिथेही पाय सैल राहतो, कारण वरचं झाकण बसवलंय असं मन म्हणतं. महिनाभर मी हे करत होते. मग आकडा ठिकाणाप्रमाणे बदलायची सवय लावून घेतली: मोठ्या रस्त्याला 40, कॉलनीत शिरताना 30. त्याखाली मर्यादा लागत नाही, तिथे पाय आणि डोळे. आणि मागचा हॉर्न वाजवतो. पौड रोडवर तर वाजवतोच. पहिले काही दिवस त्या हॉर्नला घाबरून मी मर्यादा काढत असे. आता डावी लेन धरते आणि त्याला जाऊ देते. तो पुढच्या सिग्नलला भेटतो.

या मागणीचा पत्ता लांब नाही. कोथरूडच्या माझ्या खिडकीतून वेताळ टेकडी दिसते, तिच्या अंगावर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. वाहनांची भारतीय मानकं ठरवणाऱ्या समितीचं काम याच संस्थेतून चालतं. 80 च्या बझरचं मानकही त्याच मालिकेतलं. चाकण-पिंपरीत देशाच्या मोटारी बनतात. ज्या शहरात मोटारी बनतात, जिथं त्यांची मानकं लिहिली जातात, त्या शहरानं ही मागणी लावून धरली नाही तर कोण धरणार? 80 च्या बझरसोबत 30 पासून पुढे लावता येणारा लिमिटर अनिवार्य करा. तोवर, ऑक्टोबर 2023 पासून गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपमध्ये त्याचे गुण ठेवा. युरोपच्या एनकॅपनं असे गुण 2009 पासून दिले, तेव्हा कायदा यायच्या कितीतरी आधी कंपन्यांनी साध्या गाड्यांतही हे बटण आणलं. महापालिकेनं आणि सरकारी खात्यांनी पुढची मोटार घेताना निविदेत ही एक ओळ घालावी. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दसऱ्याच्या आधी भाचीबरोबर तिची पहिली गाडी बघायला एका शोरूममध्ये गेले होते. सनरूफ, पडद्याचा आकार, वायरलेस चार्जिंग हे सगळं दाखवून झालं. मी विचारलं, ‘यात स्पीड लिमिटर आहे का?’ तिथला मुलगा मनापासून म्हणाला, ‘मॅडम, गाडी मस्त पळते, काही लिमिट नाही.’ मी समजावून सांगितलं. त्यानं ब्रोशर चाळलं, कुणाला तरी फोन लावला. पाच मिनिटांनी परत आला आणि सांगितलं, वरच्या व्हेरियंटमध्ये आहे, क्रूझ कंट्रोलच्या बटणातच. तिथं काम करताना त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. भाचीनं त्याच्याकडचं पेन घेतलं आणि ब्रोशरवर त्या ओळीखाली रेघ मारली.